मदत हवी आहे: पोटगी आणि मुलाची भेट, आईवडील दोन देशांत

पोटगीचा आदेश मूल राहतं त्या देशातला, पैसे देणारा पालक सीमेपलीकडे. दोन्ही देश 2007 च्या हेग पोटगी करारात आहेत, म्हणून आदेश तिकडे लागू करून घेण्याचा अर्ज केंद्रीय प्राधिकरणामार्फत (या करारासाठी प्रत्येक देशाने नेमलेलं कार्यालय) पाठवता येतो. आदेशाची पूर्ण प्रत, तो अंमलात असल्याचा दाखला, थकबाकीचा महिनावार तक्ता, भाषांतर, सगळं तयार. घोडं अडलंय नोटिशीपाशी: सुनावणीला समोरचा पालक गैरहजर होता, आणि अशा वेळी नोटीस रीतसर मिळाल्याचा कागद जोडावाच लागतो. नुसती कुरिअरची पावती कुणाची चालली आहे का, की कोर्टाचाच दाखला लागतो?

भेटीचा आदेश वेगळा आहे (तो पोटगीच्या अर्जात घुसडू नये, एवढं कळतं). सुट्टीत मूल पाठवण्याआधी 1996 च्या हेग कराराच्या (मुलांच्या संरक्षणाचा वेगळा करार) कलम 24 खाली तो तिकडे आगाऊ मान्य करून घेतलेला कुणी आहे का? किती वेळ लागला?