रॉबर्ट जॉन्सनची ती एलपी : ब्लूजचा पाया की निवडणाऱ्याची करामत?

सातारी_सूर (धागालेखक)

भाच्याने विचारलं, "मामा, जुनं जॅझ-ब्लूज ऐकायचंय, कुठून सुरू करू?" मी दुसरा विचार न करता 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' लावून दिली. रॉबर्ट जॉन्सन, ब्लूजचा म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याचा गायक. एक माणूस, एक गिटार, १६ गाणी. रेकॉर्डिंग १९३६ला सॅन अँटोनियोत आणि १९३७ला डॅलसमध्ये झालं. पुढच्याच वर्षी तो गेला, वय २७. एलपी (बरीच गाणी मावणारी मोठी तबकडी) निघाली थेट १९६१ साली. कंपनीकडे त्याचा फोटोही नव्हता, म्हणून कव्हरवर चित्र: खुर्चीत वाकून गिटार वाजवणारा माणूस, वरून पाहिलेला, चेहरा नाहीच.

'कम ऑन इन माय किचन' ऐका. तो शब्द सोडून नुसता गुणगुणतो आणि स्लाइड (गिटारच्या तारांवरून सरकवायची नळी) त्याच्या आवाजाला चिकटून सरकते. कुठे गळा संपला आणि कुठे तार सुरू झाली, कळत नाही. माझ्या मते सुरुवातीच्या ब्लूजचा याहून भारी अल्बम नाही. तुमचा कोणता?

पेटीमास्तर

असहमत, आणि चांगलाच.

जॉन्सनने अल्बम केलाच नाही हो. त्याने एकूण पाच दिवसांत २९ गाणी ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या) तबकड्यांसाठी म्हटली, प्रत्येक तीनेक मिनिटांचं. त्यातली १६ न्यूयॉर्कमध्ये बसून कोणीतरी निवडली आणि लावली. बालगंधर्वांच्या तबकड्यांतली १६ पदं एकामागून एक वाजवून "हे घ्या नाटक" म्हणावं, तसं झालं हे. त्या काळी अल्बम म्हणजे अनेक तबकड्या ठेवायची खाकी पाकिटांची वही. फोटोंच्या अल्बमसारखी.

दुसरं म्हणजे 'पाया'. विशीच्या दशकात ब्लूज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गिटार घेतलेला एकटा पुरुष येतच नव्हता. येत होत्या बायका. १९२०ला मेमी स्मिथची 'क्रेझी ब्लूज' तुफान खपली, तेव्हा कंपन्यांना कळलं की काळ्या लोकांच्या गाण्याला गिऱ्हाईक आहे. मग मा रेनी, बेसी स्मिथ. या बायका तंबूत, थिएटरात गर्दी खेचत होत्या. जॉन्सनचं नाव त्याच्या हयातीत त्याच्या मुलखाबाहेर फार कोणाला ठाऊक नव्हतं. १९६१च्या एलपीने तो पाया झाला आणि बाया तळटीपेत गेल्या.

भाच्याला बेसीचं 'सेंट लुई ब्लूज' लावून द्या, जानेवारी १९२५चं. ना ड्रम, ना बास. तिघंच जण: बेसी, कॉर्नेटवर (ट्रंपेटचा धाकटा भाऊ) लुई आर्मस्ट्राँग आणि फ्रेड लाँगशॉ, हार्मोनियमवर. होय, पेटी! बेसी ओळ टाकते, शेवटचा शब्द ओढून सोडते, आणि उरलेल्या जागेत कॉर्नेट उत्तर देतं. कधी तिचीच जागा थोडी वाकवून. खाली पेटी सूर धरून बसलेली. आपल्याकडच्या साथीदाराने ऐकलं तर पहिल्या मिनिटाला मान डोलवेल.

अर्धा_तबला

+१. पण धाग्यात जॅझ लिहिलंय आणि दोघंही ब्लूजवरच भांडताय.

'वेस्ट एंड ब्लूज', लुई आर्मस्ट्राँग आणि त्याचा हॉट फाइव्ह बँड, २८ जून १९२८, शिकागो. सुरुवातीला एकटा ट्रंपेट, तालाशिवाय. चौदाएक सेकंदांत माणूस आलाप, तान सगळं उरकून जागेवर येतो आणि मग बँड उचलतो. शेवटाकडे तोच ट्रंपेट एक वरचा सूर जवळपास चार बार (तालाची चार छोटी आवर्तनं) धरून ठेवतो, आणि तो सूर सुटेपर्यंत माझा श्वास अडकतो. तीस वर्षं झाली ऐकतोय, अजून अडकतो.

गंमत म्हणजे हॉट फाइव्ह हा बँड जवळजवळ फक्त स्टुडिओतच होता. जाहीर कार्यक्रम क्वचितच. त्यामुळे तीन मिनिटांची तबकडी त्यांची अडचण नव्हती, तोच त्यांचा आखाडा होता.

सातारी_सूर

पेटीमास्तर, बायांचा मुद्दा मान्य. पण निवड केली म्हणून अल्बम खोटा? १९७७च्या व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची 'जात कहां हो' आहे. तीसुद्धा कोणीतरी निवडलेलीच. चूक झाली का?

पेटीमास्तर

चूक कशाला? उत्तमच केलं. पण ती ऐकून कोणी म्हणालं की केसरबाईंचं गाणं साडेतीन मिनिटांचं असायचं, तर सर्वांत आधी तुम्हीच धावून जाल.

कोकणी_कॉर्नेट

अवांतर, पण राहवत नाही. हे संगीत आपल्याकडे तबकडीतूनच आलं असं नाही. १९३५च्या सुमाराला मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकन लिऑन ॲबीचा जॅझ बँड आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. या वेदरफर्डने शिकागोत १९२६ला अर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्रात आर्मस्ट्राँगसोबत रेकॉर्डिंग केलेलं! आमच्या गोव्याची पोरं चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली, ती अशांच्या शेजारी बसून वाजवायला लागली. त्यातल्या ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटला तर मुंबईचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. पुढे तो सी. रामचंद्रांकडे. 'अलबेला'त जे ब्रास ऐकून आपण नाचतो, त्याची नाळ इथवर जाते.

डेसिबल

मुद्दा पटला तरी ऐकायचं कसं? जुन्या ब्लूजवाल्या चार्ली पॅटनची १९२९ची रेकॉर्ड लावली तर बायको म्हणाली, "काय तळतोयस?" स्वच्छ केलेली आवृत्ती घ्या सरळ. खरखर म्हणजे संगीत नव्हे.

जुनी_सुई

खरखर पॅटनची नाही, मालकाची आहे. पॅरामाउंट ही रेकॉर्ड कंपनी विस्कॉन्सिनच्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. ग्रामोफोनची कपाटं खपावीत म्हणून तबकड्या काढल्या, त्याही हलक्या मालाच्या. म्हणून तळणीचा आवाज. पण तो पुसायला गेलात की पॅटनच्या आवाजातली खरड आणि गिटारीच्या लाकडावर मारलेली थापही त्याबरोबर जाते. माझ्याकडे दोन्ही आवृत्त्या आहेत. साफ केलेलीत तो सर्दी झाल्यासारखा गातो.

डेसिबल

हौस तुमची. आमच्या घरात तो सर्दीवालाच चालतो.

अर्धा_तबला

निदान खरखर तरी आहे! न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन, ज्याच्यापासून जॅझची गोष्ट सुरू करतात, त्याचा एक सूरही हाती नाही. १९०७ला वेड्यांच्या इस्पितळात गेला, १९३१ला तिथेच संपला. आपल्या भास्करबुवा बखल्यांसारखंच, आख्यायिका ऐकायच्या आणि शिष्यांच्या गाण्यावरून अंदाज बांधायचा.

सातारी_सूर

भाच्याचा अहवाल: बेसी दोनदा ऐकली. "पेटी कोण वाजवतंय?" असं खरंच विचारलं. (मास्तर, खूश?) जॉन्सन पाचव्या गाण्यावर बंद केला. पण मी हार मानत नाही. तो 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल'पर्यंत पोचलाच नाही. ते शेवटचं गाणं आहे, १५ गाणी ऐकून तिथे आलं की अंगावर काटा येतो. तो माणूस आता संपणार हे कळतं.

पेटीमास्तर

खूश. फक्त एक: डॅलसच्या शेवटच्या दिवशी ते गाणं सर्वांत *आधी* रेकॉर्ड झालं. त्यानंतर जॉन्सनने त्याच दिवशी आणखी बरीच गाणी म्हटली. त्याला शेवटी ठेवलं १९६१च्या माणसाने.

सातारी_सूर

मग त्या माणसालाही दाद द्या की!