कॅनडा स्पाउस स्पॉन्सरशिप : लग्नानंतर वर्षभर एकत्र राहायलाच लागतं का?

तासगावकर_द्राक्षवाला : नमस्कार मंडळी. बहिणीचं लग्न यंदा झालं. दाजी कॅनडात ब्रॅम्प्टनला पीआरवर (म्हणजे कायमचे रहिवासी, पण नागरिक नाहीत) आहेत, रजा संपल्यावर परत गेले. बहीण विट्याला सासरी आहे. इथले एक एजंट म्हणतात, वर्षभर एकत्र राहिल्याचा पुरावा नसेल तर फाइल नामंजूर होते. दाजी नोकरी सोडून वर्षभर इकडे येतो म्हणतायत. खरंच गरज आहे?

कृष्णाकाठ : आधी दाजींना थांबवा! सलग १२ महिने एकत्र राहण्याची अट कॉमन-लॉ जोडीदाराला आहे, म्हणजे लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना. बहिणीचं रीतसर लग्न झालंय, तिची फाइल फॅमिली क्लासमधून, म्हणजे कॅनडाबाहेरच्या जोडीदारासाठीच्या मार्गानं जाईल. तिथं आधी एकत्र राहिलेलं असण्याची अट नाही.

उलट पीआर असलेल्या स्पॉन्सरनं फाइल चालू असेपर्यंत कॅनडातच राहायचं असतं. परदेशात राहून स्पॉन्सर करायची मुभा फक्त नागरिकांना, तीही जोडीदाराला पीआर मिळाल्यावर परत जाणार हे दाखवून. म्हणजे दाजी वर्षभर विट्याला राहिले, तर त्यानंच फाइल अडकेल. सुट्टीला येऊन जाऊ देत, त्याला हरकत नाही.

पीआर मिळाल्यावर दोन वर्षं एकत्र राहण्याचीही एक अट होती, २०१२ ला आली आणि २०१७ ला रद्द झाली. काही लोक अजून तीच सांगत फिरतात.

कराडची_वकीलीण : वरचं बरोबर आहे. एकत्र राहणं कमी, म्हणून लग्न खरं आहे हे दाखवण्यावर भर द्या. फॉर्म ५५३२ नीट भरा. स्थळ कुणी आणलं, पहिली भेट कधी, साखरपुडा कुठं, लग्नाला कोण कोण होतं, हे सगळं त्यात विचारतात. दोघांनी तारखा आधी जुळवून घ्या. दाजींनी साखरपुडा मार्चमध्ये लिहिला आणि बहिणीनं एप्रिलमध्ये, की अधिकाऱ्याला शंका येते. वेगळे का राहतो तेही साध्या शब्दांत लिहा : नोकरी तिकडे, व्हिसा नाही. सोबत विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, व्हिडिओ कॉलची नोंद, पैसे पाठवल्याच्या पावत्या लावा.

नुसती लग्नपत्रिका चालत नाही, विवाह नोंदणीचा दाखला हवाच. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा.

आपल्याकडे घोळ होतो तो नावात. दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच. फॉर्ममध्ये पासपोर्टवरचंच नाव लिहा, बाकीची ‘इतर नावे’ या रकान्यात. केवळ या फाइलसाठी पासपोर्ट बदलायची घाई नको.

तासगावकर_द्राक्षवाला : खूप आभार ताई. दाजींच्या पगाराची काही मर्यादा? आणि बहीण व्हिजिटर व्हिसावर जाऊन तिथूनच अर्ज केला तर?

कृष्णाकाठ : फक्त बायकोसाठी ठरावीक उत्पन्नाची अट नाही. पण अपंगत्व सोडून इतर कारणानं सरकारी मदत घेत असतील तर स्पॉन्सर करता येत नाही. शिवाय तीन वर्षं तिच्या खर्चाची हमी लिहून द्यावी लागते. पुढं घटस्फोट झाला तरी ही हमी सुटत नाही.

तिथून ‘इन-कॅनडा क्लास’मध्ये अर्ज केला, तर मात्र दोघांनी कॅनडात एकत्र राहायलाच हवं. आणि नकार आला तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येत नाही. फॅमिली क्लासमध्ये नकार आल्यास दाजींना ३० दिवसांत तिथं अपील करता येतं. बहीण विट्यात आहे तोवर फॅमिली क्लासच धरा.