जीएम-सीएसएफ वाढवूनही उंदरांना ल्युकेमिया का होत नाही?

ताळगाव पठार:
जीएम-सीएसएफ (पांढऱ्या रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक) याचं जादा जनुक घातलेल्या ट्रान्सजेनिक, म्हणजे जन्मतःच परकं जनुक असलेल्या उंदरांना ल्युकेमिया झाला नाही, पण तेच जनुक एफडीसी-पी१ (प्रयोगशाळेत वाढवलेली उंदराच्या पेशींची लाइन) पेशींत घातलं की होतो. असं का? विद्यापीठात सेमिनार आहे, शिवाय अगारमधली चाचणीही (जेलीत पेशी किती कॉलनी करतात ते मोजायची) बसवायची आहे.

बांबोळी:
कारण एफडीसी-पी१ आधीच अर्धी वाट चाललेली आहे. डीबीए/२ उंदराच्या अस्थिमज्जेतून आलेली ही लाइन न थकता वाढते, पण आयएल-३ (असंच दुसरं वाढवणारं संप्रेरक) किंवा जीएम-सीएसएफ मिळेपर्यंतच. ते स्वतःच बनवू लागली की शेवटचा लगाम सुटतो. निरोगी मज्जेत तेवढा एक बदल पुरत नाही. १९८७ च्या त्या उंदरांत मॅक्रोफेज साचले, डोळे बिघडले, स्नायू झडले, एवढंच.

सगळ्यात स्वच्छ पुरावा डब्ल्यूईएचआय-३बी या बीएएलबी/सी उंदराच्या ल्युकेमियाचा. त्यात आयएल-३ आणि हॉक्सबी८ (इतर जनुकांवर ताबा ठेवणारं जनुक) ही दोन्ही जनुकं कायमची चालू झालेली. १९९० मध्ये ही जोडी निरोगी मज्जेत घातली, तर आक्रमक ल्युकेमिया झाला. एकट्या आयएल-३ ने पेशी बेसुमार वाढतात, पण पिकतातही, म्हणजे प्रौढ होतात.

मांडवीकाठ:
चाचणीसाठी ०.६ टक्के अगार उकळून ४० अंशांपर्यंत निववा, तेवढंच दुप्पट तीव्रतेचं मीडियम सीरमसकट मिसळा, मग पेशी. ३५ मिमी डिशमध्ये १ मिली, ३०० पेशी, ३७ अंशांवर ७ दिवस. ५० पेशींच्या वरचा पुंजका म्हणजे कॉलनी. अर्ध्या डिशमध्ये आयएल-३, अर्ध्या कोऱ्या.

पेशी आधी तीनदा धुवा. नाहीतर चिकटून आलेल्या आयएल-३ वर कोऱ्या डिशमध्येही बारके पुंजके येतात आणि लाइन स्वावलंबी झाल्याचा भास होतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा कितीही दमट असो, इनक्युबेटरच्या ट्रेमध्ये पाणी हवंच. डिश कडेने सुकतात.

फोंडेकर:
प्लीहा फुगली म्हणून ल्युकेमिया म्हणू नका. त्याच जातीच्या, किरणोत्सर्ग न दिलेल्या उंदरात पेशी टोचून रोग रुजला, तरच. अर्थात प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनंतर.

मानवी आयएल-३ आणि जीएम-सीएसएफ उंदराच्या पेशींवर चालत नाहीत, कुपी बघून घ्या. मानवी जी-सीएसएफ (ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या पेशी वाढवणारं संप्रेरक) चालतं. आणि सेमिनारमध्ये हे वगळू नका: डब्ल्यूईएचआय-३बीच्या डी+ (पिकू शकणाऱ्या) पेशींना जी-सीएसएफ दिलं, की त्या पिकतात, घट्ट कॉलनी विस्कटतात, नव्या कॉलनी करायची ताकद जाते. म्हणजे वाढवणारं संप्रेरकच ल्युकेमिया मोडूही शकतं. डी- पेशी मात्र दाद देत नाहीत, म्हणून मागवताना डी+ असं स्पष्ट लिहा.