मदत हवी आहे: दादाची दारू सोडवायचीय, कोल्हापुरात कुठं जाऊ?

थोरला दादा उद्यमनगरात लेथवर कामाला, वय ४२, आधी फक्त पगाराला घ्यायचा, आता सकाळी चहाआधीच लागते नाहीतर हात असा थरथरतो की कप बशीवर वाजतो. मागं वहिनीनं कोंडून बंद केली तर तिसऱ्या दिवशी फिट आली, डॉक्टर म्हणाले एकदम तोडू नका, औषधाखालीच सोडवा. वहिनीचं डोरलं गहाण, पोरगी क्लासला जाईना (बाप रंकाळ्यावर पडलेला मैत्रिणींनी बघितला म्हणून). पुण्याचं मुक्तांगण (राहून दारू सोडवायचं व्यसनमुक्ती केंद्र) माहितीय, पण तेवढी रजा म्हणजे काम गेलंच. इथं अल्कोहोलिक्स अनॉनिमसची (दारू सोडणाऱ्यांच्या गटाची) मीटिंग कुठं, किती वाजता भरते? घरच्यांसाठी अल-अनॉन आहे का? आणि जेवणात चोरून पावडर घालायचं सांगू नका बाबांनो, ते करून झालंय, नुसत्या उलट्या.