गटातील निर्णय गप्पांच्या ओघात हरवतात. नोंदींसाठी कोणते साधन वापरावे?

प्रश्न (लेखक : कोशवाली)

आम्ही साधारण चाळीस जण मिळून विज्ञानातील संज्ञांचा एक कोश तयार करत आहोत. सर्व जण हे काम आपापला व्यवसाय सांभाळून, निरनिराळ्या ठिकाणांहून आणि निरनिराळ्या वेळी करतात. आरंभी दहा-बारा जण होतो, तेव्हा सोय म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट उघडला आणि पुढची चार वर्षे सगळा व्यवहार तेथेच चालत राहिला. चर्चा तेथे, फाइली तेथे, निर्णय तेथे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छाही तेथेच.

गेल्या महिन्यात 'एन्ट्रॉपी' हा शब्द तसाच ठेवायचा की त्याला प्रतिशब्द घडवायचा, यावर तीन दिवस वाद झाला. शेवटी एका सदस्याने आठवण करून दिली की हाच प्रश्न आठ महिन्यांपूर्वी निकालात निघाला होता. निर्णय झाला होता हे चौघांना आठवत होते, परंतु तो काय झाला होता याबद्दल चौघांची चार मते होती. जिच्याकडे जुने संदेश असण्याची शक्यता होती, तिने मध्यंतरी फोन बदलला होता आणि बॅकअप घेतलेला नव्हता. नव्या सदस्यांना तर ते गटात येण्यापूर्वीचे काहीच दिसत नाही. फाइलींची अवस्था 'अंतिम', 'अंतिम-नवीन', 'अंतिम-हीच-घ्या' अशी आहे.

काही जण स्लॅकसारख्या, कामाच्या गटांसाठी बनवलेल्या संवादसाधनाकडे जाऊ म्हणतात, काही जण मेलिंग लिस्टचा, म्हणजे एका पत्त्यावर पाठवलेले पत्र सर्व सदस्यांना ई-मेलने पोहोचवणाऱ्या यादीचा, आग्रह धरतात. मला भीती अशी वाटते की आणखी एक अ‍ॅप येईल, पंधरा दिवस उत्साहाने वापरले जाईल आणि मग माहिती एका जागेऐवजी दोन जागी हरवू लागेल. अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (लेखक : पानटीप)

आपल्या प्रश्नातच निदान दडलेले आहे. संवाद करणे आणि नोंद ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि आपण चार वर्षे दोन्ही कामे एकाच साधनाकडून करून घेत आहात. गप्पांचे साधन वाहत्या पाण्यासारखे असते. त्यात क्रम काळाचा असतो, विषयाचा नसतो, म्हणून एखादी गोष्ट शोधायची तर ती केव्हा बोलली गेली हे आधी आठवावे लागते. कोशाच्या कामात नेमके उलट हवे असते : शब्द हाती आहे आणि त्याबद्दल आजवर काय ठरले ते एका जागी दिसले पाहिजे.

ही अडचण नवी नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये पहिला विकी सुरू केला, त्यामागची कल्पना अशी की पान एकच असावे आणि ते कोणालाही सुधारता यावे. पानाचे आधीचे रूप हाताशी ठेवण्याची सोयही विकींत असते. 2001 मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने त्याच पद्धतीचा फार मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. तेथील एक व्यवस्था आपल्याला जशीच्या तशी उचलता येईल. प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चापान असते : वाद चर्चापानावर होतो, निष्कर्ष लेखात जातो आणि कोणत्या दिवशी कोणी काय बदलले हे इतिहासात राहते. आठ महिन्यांनी कोणी तोच वाद उकरून काढला, तर त्याला त्या पानाचा दुवा देणे पुरेसे होते.

आपल्याला स्वतंत्र विकी उभारण्याची गरज नसावी. चाळीस जणांच्या कामासाठी बदलांचा इतिहास ठेवणारी एक सामायिक स्प्रेडशीट चालेल. तीत प्रत्येक संज्ञेसाठी एक ओळ आणि मूळ शब्द, स्वीकारलेला शब्द, निर्णयाची तारीख, नाकारलेले पर्याय व कारण असे रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना लोक कंटाळ्याने रिकामा सोडतात आणि पुढे सर्वाधिक पश्चात्ताप त्याचाच होतो, कारण निर्णय लक्षात राहतो पण कारण विसरले जाते आणि कारण विसरले की वाद पुन्हा सुरू होतो.

मात्र साधनापेक्षा नियम महत्त्वाचा आहे. आमच्या अनुवादकांच्या गटात एकच नियम आहे : जे नोंदवहीत लिहिले गेले नाही, ते ठरलेले नाही. गटात कितीही जणांनी संमतीचे अंगठे दाखवले तरी नाही. पहिल्या दोन महिन्यांत यावरून रुसवेफुगवे झाले, नंतर चर्चा संपत आली की कोणीतरी आपण होऊन 'नोंद कोण करतो?' असे विचारू लागले.

उत्तर (लेखक : जुना टपालवाला)

पानटीप यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु चर्चेची जागा म्हणून मेलिंग लिस्टचा विचार इतक्या सहज बाजूला सारू नये. ई-मेलला जुनाट म्हणण्याची फॅशन आहे. रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला आणि पत्त्यात @ हे चिन्ह योजले. आज आपण ज्या एसएमटीपी नियमांनुसार पत्रे पाठवतो, त्यांचे मूळ प्रमाण रूप 1982 चे आहे. इतकी वर्षे ही व्यवस्था टिकण्याचे कारण असे की ती कोणा एका कंपनीची नाही. एका सेवेवरचा माणूस दुसऱ्या सेवेवरच्या माणसाला पत्र लिहू शकतो, आणि उद्या माझी सेवा बंद पडली तर मी दुसरी घेऊन तीच पत्रे तेथे नेऊ शकतो.

बंदिस्त सेवांचे काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झाले, याहू मेसेंजर 2018 मध्ये, गूगल प्लस 2019 मध्ये. याहू ग्रुप्सवर असंख्य गटांनी साठवलेले लिखाण होते. ती सेवा डिसेंबर 2020 मध्ये बंद झाली आणि साठवलेला मजकूर तर त्याच्या बराच आधी काढून टाकण्यात आला. ज्या गटांतील सदस्यांनी पत्रे आपापल्या मेलपेटीत ठेवली होती, त्यांचा पत्रव्यवहार वाचला. मेलिंग लिस्टचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो : प्रत्येक सदस्याकडे पूर्ण प्रत आपोआप तयार होत राहते, त्यासाठी कोणाला शिस्त लावावी लागत नाही.

दुसरा गुण विषयओळीचा. प्रत्येक पत्राला स्वतःची ओळखखूण असते आणि उत्तरात मूळ पत्राची खूण नोंदलेली असते, म्हणून एकेका विषयाची पत्रे एकत्र बांधली जातात. 'एन्ट्रॉपी' हा विषय घेऊन सुरू झालेली चर्चा वर्षभराने एका शोधात सापडते, अर्थात कोणी त्याच पत्रावर 'रविवारच्या बैठकीची वेळ' विचारली नसेल तर. तसे विचारणारे प्रत्येक गटात असतात आणि त्यांच्यावर अद्याप उपाय सापडलेला नाही.

फाइली मात्र ई-मेलने पाठवू नयेत. पत्राला जोडलेली फाइल वाटेत अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि त्यामुळे तिचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. त्याहून वाईट म्हणजे चाळीस पेट्यांत चाळीस प्रती तयार होतात आणि पुढे त्यांतील खरी कोणती, हा प्रश्न उभा राहतो. फाइल एका जागी ठेवावी आणि पत्रात दुवा द्यावा.

स्लॅकबद्दल एकच गोष्ट सांगतो. ते नाव 'सर्व संभाषण व ज्ञान यांची शोधता येणारी नोंदवही' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आहे, असे त्याच्या संस्थापकाने सांगितले होते. 2022 पासून विनामूल्य योजनेत मात्र केवळ मागील 90 दिवसांचे संदेश दिसतात. आपला हरवलेला निर्णय आठ महिन्यांपूर्वीचा आहे.

उत्तर (लेखक : फोनवरूनच)

वरील दोन्ही उत्तरे संगणकासमोर बसून काम करणाऱ्यांची आहेत, असे नम्रपणे सांगावेसे वाटते. आमच्या गटातही मेलिंग लिस्ट झाली होती. निम्म्या सदस्यांनी ती कधी उघडलीच नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ई-मेल म्हणजे पावत्या आणि पासवर्ड बदलण्याच्या सूचना येण्याची जागा. शेवटी चर्चा गटात होई आणि एक बिचारा सदस्य ती लिस्टवर उतरवून काढी. लोक जेथे आहेत तेथून त्यांना उठवणे हे सर्वांत महाग काम असते. कोशवाली यांची पंधरा दिवसांच्या उत्साहाची भीती म्हणूनच रास्त आहे.

म्हणून गट राहू द्यावा, परंतु तेथे संदेश का हरवतात हे सर्वांना समजावून सांगावे. 2016 पासून व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात. ते पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. संदेश पोहोचला की सर्व्हरवरून काढला जातो आणि न पोहोचलेला तेथे जास्तीत जास्त 30 दिवस थांबतो. याचा अर्थ असा की आपल्या चार वर्षांच्या चर्चेचे मध्यवर्ती दप्तर कोठेही नाही, आहेत ती केवळ सदस्यांच्या फोनवरची आणि त्यांनी घेतलेल्या बॅकअपमधली. ज्या रचनेमुळे तिऱ्हाइताला आपले बोलणे वाचता येत नाही, त्याच रचनेमुळे फोन गेला की इतिहासही जातो. खासगी बोलण्यासाठी ही रचना उत्तम आहे, परंतु कोशातील शब्दांच्या चर्चेत लपवण्यासारखे काय आहे?

एक सूचना करतो. आज ज्यांच्या फोनवर सर्वांत जुने संदेश शिल्लक आहेत, अशा दोघा-तिघांनी गटातील चर्चा ताबडतोब मजकुराच्या फाइलीत निर्यात करून ठेवावी. नवे साधन कोणते, हा वाद त्यानंतरही करता येईल.

आवाजी संदेशांचाही बंदोबस्त करावा. बोलणाऱ्याला ते सोयीचे असतात, परंतु त्यांत शब्द शोधता येत नाही आणि सात मिनिटांच्या संदेशातील मुद्दा शेवटच्या अर्ध्या मिनिटात असतो. आमच्याकडे असा संकेत आहे की आवाजी संदेश पाठवणाऱ्याने त्याखाली दोन ओळींत सार लिहावे. टंकलेखन जमत नसल्यास फोनला तोंडी मजकूर सांगावा आणि तो तपासून पाठवावा.

उत्तर (लेखक : जोडाक्षर)

साधन कोणतेही निवडा, शोध लागला नाही तर नोंद असून नसल्यासारखीच आहे. देवनागरीत शोध फसण्याची कारणे फारशी बोलली जात नाहीत, म्हणून लिहितो.

पहिले कारण जुने फाँट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या अनेक फाँटांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली होती. अशी फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि फाँट असला तरी मराठी शब्द शोधून मिळत नाही. आपल्या चार वर्षांच्या फाइलींत अशा फाइली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन शब्द डोळ्यांना एकच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे असू शकतात. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आहे. कोणत्या कळफलकावरून टंकले यावर हे अवलंबून असते. एकाने एका पद्धतीने लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर अनेक साधने 'सापडले नाही' असे सांगतात आणि मग 'आपण ही नोंद केलीच नव्हती' असा निष्कर्ष निघतो. गटाने एक पद्धत ठरवावी (मी ऱ या स्वतंत्र अक्षराच्या बाजूचा आहे) आणि अधूनमधून स्प्रेडशीटमध्ये 'शोधा व बदला' चालवून सर्व नोंदी एकसारख्या कराव्यात. शिवाय प्रत्येक ओळीत मूळ इंग्रजी संज्ञा रोमन लिपीत ठेवावी, म्हणजे देवनागरीत शोध चुकला तरी ओळ हाती लागते.

प्रश्नकर्तीचे उत्तर (लेखक : कोशवाली)

सर्वांची आभारी आहे. 'फोनवरूनच' यांच्या सूचनेनुसार कालच तीन सदस्यांकडून चर्चेच्या निर्यात केलेल्या फाइली मागवल्या. एकीत साडेतीन वर्षांचे संदेश निघाले आणि 'एन्ट्रॉपी'चा निर्णयही सापडला : शब्द तसाच ठेवायचा असे ठरले होते. गंमत म्हणजे गेल्या महिन्यात प्रतिशब्दाच्या बाजूने सर्वाधिक हिरिरीने बोलणाऱ्या सदस्यानेच तेव्हा तो ठराव मांडला होता.

गट आहे तसा ठेवून नोंदींसाठी सामायिक स्प्रेडशीट सुरू करावी, असे आम्ही ठरवले आहे. मेलिंग लिस्टला बहुमत मिळाले नाही. आता एक व्यावहारिक शंका आहे : ही स्प्रेडशीट कोणाच्या खात्यावर ठेवावी?

उत्तर (लेखक : जुना टपालवाला)

लिस्ट नाकारली गेल्याचे दुःख आवरून सांगतो. ती कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर ठेवू नये. कामासाठी स्वतंत्र खाते काढावे, त्याच्या चाव्या किमान तिघांकडे द्याव्यात आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक व पर्यायी पत्ता वर्षातून एकदा तपासावा, कारण माणसे क्रमांक बदलतात आणि कळवायचे विसरतात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्ण स्प्रेडशीट सीएसव्ही स्वरूपात उतरवून घ्यावी. त्यात रंग आणि ठळक अक्षरे जातात, परंतु ती साध्या मजकुराची फाइल असल्याने कोणत्याही संगणकावर, कोणत्याही कंपनीच्या परवानगीशिवाय उघडते. उतरवताना यूटीएफ-8 हा युनिकोड मजकूर साठवण्याचा पर्याय निवडला आहे ना, एवढे पाहावे. अन्यथा 'जोडाक्षर' यांनी वर्णन केलेली निरर्थक अक्षरे पुन्हा दिसू लागतील. आणि ती फाइल निदान दोघांनी आपापल्या संगणकावर ठेवावी. त्यांपैकी एक होण्यास मी तयार आहे, मला ती ई-मेलने पाठवावी.