मेक्सिकन टोमॅटो स्ट्यू : मांस चिवट, रस आंबट, बटाट्यात कणी

खाडीपलीकडे (चिपळूण)

मेक्सिकन पद्धतीचा, टोमॅटोच्या रसातला बीफ स्ट्यू. मांस म्हशीचं (राज्यात 2015 पासून गोवंश बंद, त्यामुळे दुसरं नाहीच), 1 किलो, रानाचे (मागच्या मांडीचे) बारीक तुकडे. 600 ग्रॅम टोमॅटो कच्चेच मिक्सरला फिरवले. ते, मांस, ब्याडगीची पूड, जिरं असं सगळं एकदम कुकरला, 6 शिट्ट्या. मग बटाट्याच्या फोडी घालून 25 मिनिटं उघडं शिजवलं.

मांस चिवट आणि कोरडं. रस पातळ, आंबट, रंगाने गुलाबी, वर फेस. बटाट्याला मधे कणी. चुकलं कुठे? ग्वाहीयो मिरची इकडे मिळत नाही, तिच्याऐवजी काय? आणि चिमूटभर गरम मसाला चालेल का?

पाटावरवंटा

आधी मांसाचं बघू. रान या कामाचं नाही. त्यात चिकट पडदे आणि शिरा कमी, त्यामुळे कितीही शिजवा, धागे सुटतात पण ओलावा राहत नाही. दस्त (पुढचा पाय-खांदा), सीना (छाती) किंवा नळीवरचं मांस मागा. त्यातल्या शिरा हळूहळू विरघळतात आणि रसाला दाटपणाही तिथूनच येतो. तुकडे 4 सेंटीमीटरचे. खाटीक सवयीने कालवणाचे बारीक करतो, त्याला आधीच सांगा.

किलोला दीड चमचा मीठ तासभर आधी चोळा, मग फडक्याने खडखडीत पुसा. पावसाळ्यात हे पुसणं टाळूच नका. जाड बुडाच्या भांड्यात 3 घाण्यांत परता. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि मांस त्या पाण्यातच शिजतं, तांबूस होत नाही.

शिट्ट्या मोजू नका, मोठ्या आचेवर 6 शिट्ट्या दहा मिनिटांतही होतात. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक आणि घड्याळ लावून 35 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिटी उचलून वाफ काढली की आतला रस एकदम खळखळतो आणि मांस कोरडं पडतं. उघड्या टोपात करणार असाल तर अडीच ते तीन तास, रसावर एखादाच बुडबुडा यावा इतक्या आचेवर. चमच्याने दाबल्यावर तुकडा फुटला की झालं.

मिरचीचं देठ

रस कच्च्या टोमॅटोमुळे बिघडलाय. फेस म्हणजे मिक्सरने कोंबलेली हवा, गुलाबी रंगही त्याचाच.

तिकडे टोमॅटो आधी कोमालवर, म्हणजे आपल्या तव्यासारख्या सपाट तव्यावर, भाजतात. लोखंडी तव्यावर 600 ग्रॅम टोमॅटो, एक कांदा दोन फोडी करून आणि 5 लसूण पाकळ्या सालासकट ठेवा. टोमॅटोला काळे डाग पडून पाणी सुटेपर्यंत, साधारण 12 ते 15 मिनिटं. शक्यतो लांबट, गरवाले टोमॅटो घ्या, पाणचट गोल नकोत.

ग्वाहीयोच्या जागी ब्याडगीच, पण अख्खी, पूड नको. 15-16 मिरच्या देठ-बिया काढून तव्यावर 20 सेकंद. वास सुटला की खाली. काळी पडली तर कडू, आणि तो कडूपणा मग कशाने जात नाही. गरम पाण्यात 20 मिनिटं भिजत घाला. भिजवलेलं पाणी चाखून बघा, कडवट असेल तर ओतून द्या. तिखट हवं तर 2 संकेश्वरी. आंचो या दुसऱ्या मेक्सिकन मिरचीचा मनुक्यासारखा गोडवा हवा असेल तर 5-6 काळ्या मनुका वाटणात टाका.

सगळं एकत्र बारीक वाटा आणि गाळा, ब्याडगीचं साल दातांत येतं. आता मुख्य काम: 3 मोठे चमचे तेल चांगलं तापवा (तिकडे डुकराची चरबी वापरतात) आणि वाटण ओता. चर्र आवाज आला नाही तर तेल तापलेलं नाही. 10-12 मिनिटं परता. गुलाबी जाऊन विटकरी रंग येतो, डाव फिरवला की बुडाला वाट उमटते, कडेने तेल सुटतं. हे आपल्या वाटणासारखंच आहे, नवीन काही नाही. साखर घालून आंबटपणा मारू नका, तो या परतण्यानेच जातो.

हा रस कुकरमध्ये घालू नका, दाट असल्याने बुडाला लागेल. मांस कांदा आणि दोन वाट्या पाण्यात शिजवा, मग त्याच पाण्यासकट रसात घालून उघडं 25 मिनिटं.

तिसरी शिट्टी

वरचं बरोबर, पण ते मध्य मेक्सिकोचं झालं. उत्तरेकडची कार्ने गिसादा (तिकडचा मांसाचा स्ट्यू) वेगळी: परतलेल्या मांसावर एक मोठा चमचा मैदा, आणि जिरं सढळ, किलोला चमचाभर. मध्य मेक्सिकोच्या पद्धतीत मैदा नाही, जिरं पाव चमचाच. दोन्हींची सरमिसळ करू नका.

गरम मसाला नको, लगेच आपलं कालवण होतं. 2 लवंगा आणि बोटाएवढी दालचिनी चालेल. मेक्सिकोत वापरतात ती पातळ, थराथरांची, हाताने चुरगळणारी दालचिनी. तशी आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण तेज’ जातीची असते. बाजारातली जाड, टणक साल तिखट लागते, ती घेतलीत तर निम्मी. तमालपत्र वगळाच. पानओवा ओरेगानोऐवजी सुचवतात, पण एका पानाच्या वर गेलात तर त्याचाच वास.

खाडीपलीकडे

रस कळला. बटाट्याचं राहिलं.

पाटावरवंटा

आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही. त्याच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात विरघळायला वेळ लावतं. चिंचेच्या आमटीत कच्ची भाजी टाकली की होतं तेच. फोडी मिठाच्या पाण्यात वेगळ्या उकडा, सुरी सहज जाईपर्यंत, आणि शेवटच्या 10 मिनिटांत रसात सोडा. गाजराचंही तसंच.

सोबत मक्याच्या पिठाच्या टॉर्टिया लाटायला जाऊ नका. तिकडचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेला असतो, म्हणून त्याचं पीठ धरून राहतं. आपल्या साध्या पिठाची टॉर्टिया चिरते. तांदळाची भाकरी या रसाला उत्तम.