मदत हवी आहे: रो-हाउसच्या मागच्या जागेत टेबल सॉ, कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. कोपरखैरण्यात सिडकोच्या जुन्या रो-हाउसमध्ये राहते. मागे साधारण नऊ बाय अकरा फुटांची पत्र्याखालची जागा आहे, तिथे माझं हौशी सुतारकाम चालतं. पुस्तकांचं शेल्फ, मसाल्याच्या डब्यांचं छोटं कपाट, पाट, असलं काहीबाही. आतापर्यंत हातकरवत आणि जिगसॉवर भागलं. पण आता एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या आहेत आणि तिथे जिगसॉ रडवते. दीड इंचाची पट्टी घ्यावी तर एका टोकाला सूतभर जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. अशा चार पट्ट्यांची चौकट केली की ती कुठल्याही गुण्याला (काटकोन तपासायच्या साधनाला) दाद देत नाही.

म्हणून टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली करवत, लाकूड त्यावर ढकलायचं. बजेट ब्लेडसकट चाळीस हजार, अगदीच पटलं तर पन्नास.

'मार्बल कटर उलटा लावा, स्वस्तात काम होईल' हा सल्ला मिळून झाला आहे, तेव्हा तो सोडून बोलूया. आमच्या ओट्याखालच्या ट्रॉल्या केल्या तेव्हा मिस्त्रींचा तो जुगाड जवळून पाहिला. प्लायच्या फळीला खालून चार इंची कटर स्क्रूने आवळलेला, ट्रिगर दाबलेलाच राहावा म्हणून त्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, चालू-बंद करायला एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण. गाईड म्हणून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, दोन्ही टोकांना सी-क्लॅम्प. मिस्त्री त्यावर काय सुरेख माइका कापतात! पण मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्या घेणारं ते उघडं पातं, वर ना गार्ड, ना मागे रायव्हिंग नाईफ (कापलेली फट उघडी धरणारी पात्यामागची पत्री). त्यांचा हात वर्षानुवर्षं बसलेला आहे, माझा नाही. शिवाय इंच-सव्वा इंचाच्या पुढे ते कापतही नाही.

मी दोन यंत्रांपाशी येऊन थांबले आहे. एक बॉशची जीटीएस १० जे: २५४ मिमीचं ब्लेड, १८०० वॅट, सरळ कापात ७९ मिमी खोली. दुसरी डीवॉल्टची डीडब्ल्यूई ७४८५: ब्लेड २१० मिमीचं, खोली ६५ मिमी, पण तिची फेन्स (लाकूड टेकवून सरकवायचा आधार) दातेरी पट्टीवर सरकते, म्हणजे पुढचं आणि मागचं टोक एकदमच हलतं. दोन इंचांपेक्षा जाड लाकूड मला सहसा लागत नाही, त्यामुळे मन डीवॉल्टकडे ओढतंय. ती इकडे सहज मिळते का आणि सर्व्हिसचं काय, हे वापरणाऱ्यांनीच सांगावं. एका दुकानदाराने तिसरा पर्याय सुचवला, बिडाच्या टेबलाचं, बेल्टवर चालणारं, इंडक्शन मोटरचं (पंपात असते तशा) देशी मशीन. आवाज कमी, हे खरं. पण ते एकदा ठेवलं की तिथून हलणार नाही, आणि मला काम झालं की जागा मोकळी हवी आहे, कपडे तिथेच वाळतात.

धास्ती आवाजाची आहे. शेजाऱ्यांशी भिंत सामाईक आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ही युनिव्हर्सल मोटरची (मिक्सरमध्ये असते तशा) यंत्रं नव्वदीच्या पुढे ओरडतात. नियम घेऊन कोणी येणार नाही, शेजारच्या आजी मात्र येतील. दुपारी दोन ते चार मी बंदच ठेवीन, बाकी काही उपाय आहे का? दुसरं, वायरिंग जुनं आहे. १८०० वॅट म्हणजे आठेक अँपिअर, पण चालू होतानाच्या झटक्याने एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पडेल का?

प्रतिसाद

ताई, आधी मोटर आणि ब्लेड विसरा आणि टेप घेऊन मागच्या जागेत उभ्या राहा. मशीनला दोन-अडीच फूट लागतात, लाकडाला त्याच्या स्वतःच्या लांबीच्या दुप्पट. चार फुटांची पट्टी फाडायची तर ब्लेडच्या अलीकडे चार आणि पलीकडे चार फूट मोकळे हवेत. अकरा फुटांच्या बाजूने मशीन लावलं तर चार-साडेचार फुटांपर्यंत जमेल, त्यापुढे मागचं दार उघडं ठेवून. आठ बाय चारचा १९ मिमीचा अख्खा प्लाय ३५-४० किलोचा असतो, तो या छोट्या टेबलावर एकटीने ढकलायचा विचारही करू नका. प्लाय घेताना दुकानातच मोठे तुकडे करून घ्या, बरेच जण कापून देतात. घरी फक्त अचूक काप.

माझ्याकडे कोलशेतला दहा इंची मशीन आहे. तिचा खरा कस फेन्समध्ये लागतो. दुकानात तपासायची रीत सांगतो. प्लग काढलेला असू द्या. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून फेन्सपर्यंतचं अंतर मोजा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही सारखं आलं तर फेन्स समांतर. मागे अंतर कमी भरलं तर लाकूड ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये चेपत जातं, कड जळते आणि एखाद दिवशी तुकडा पोटात येतो. नंतर फेन्स सोडवा, पुन्हा आवळा, परत मोजा. जी दर वेळी वेगळं माप देते ती घेऊ नका, मग नाव कुठलंही असो.

रायव्हिंग नाईफ कधीच काढू नका. लाकूड फाडलं की त्यातला ताण सुटतो आणि फट मिटायला लागते. ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात, ते मिटलेली फट पकडून लाकूड उचलतात आणि तुमच्याकडे भिरकावतात. नाईफ ती फट उघडी धरून ठेवते. म्हणूनच नवीन ब्लेड घेताना नाईफवर छापलेली जाडी बघायची: ब्लेडची पत्री तिच्याहून पातळ आणि दातांचा काप तिच्याहून रुंद हवा. भोकाचा व्यासही बघा. युरोपी मशीनला ३० मिमी लागतं, आपल्या बाजारात २५.४ मिमीची ब्लेडंही खूप असतात. मोठ्या भोकाचं ब्लेड बारीक दांड्यावर रिंग घालून चालवतात लोक, पण दहा इंची ब्लेडला मी तरी ते करत नाही. सागवान फाडायला २४ दात पुरेत, माइका लावलेल्या प्लायला ६० च्या पुढे जा.

विजेचं म्हणाल तर १६ अँपिअरचा सॉकेट आणि अडीच चौरस मिमीची वायर थेट डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) ओढून घ्या. बी-कर्व्हचा एमसीबी पडू शकतो, तिथे सुरुवातीचा झटका जास्त सोसणारा सी-कर्व्हचा बसवायला इलेक्ट्रिशियनला सांगा. स्विच असा हवा की लाइट जाऊन परत आली तरी मशीन आपोआप सुरू होणार नाही. पावसाळ्यात नवी मुंबईत हे महत्त्वाचं.

प्रतिसाद

एवढ्याशा जागेत टेबल सॉ कशाला? ट्रॅक सॉ (रुळावर सरकणारी हातातली करवत) घ्या, भिंतीला टांगून ठेवता येते.

धागाकर्ती

ट्रॅक सॉचा विचार केला होता. पण तिचा रूळ लाकडावर टेकवावा लागतो, दीड इंचाच्या पट्टीवर तो टेकणार कुठे? मोठे तुकडे दुकानातच कापून आणायचे म्हटल्यावर तिचं कामही राहत नाही.

कोलशेतच्या दादांचे आभार. टेप लावून पाहिली, मागचं दार उघडं ठेवलं तर साडेपाच फुटांची पट्टी निघते, मला एवढं पुष्कळ. मिस्त्री म्हणाले स्टँडखाली जाड रबराची मॅट घाला, भिंतीतून जाणारी थरथर तरी कमी होईल. आजींना आधीच सांगून ठेवलंय, त्यांनी देव्हाऱ्यासाठी चौरंगाची ऑर्डर दिली.

आता एवढंच विचारायचंय: भुशासाठी घरचा साधा व्हॅक्यूम जोडला तर चालतो का? मशीनचं तोंड मोठं आणि व्हॅक्यूमची नळी ३५ मिमीची आहे. आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन मशीन हाताळून बघायचं तर रविवार सोडून कधी जावं? ऐरोली-वाशी पट्ट्यात कोणाकडे डीवॉल्टची छोटी मशीन असेल तर अर्धा तास बघायला येऊ का? माझी पट्टी मी घेऊन येईन.